मेंदूच्या दारावर कोण उभं आहे?

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग. विषय आहे ब्लड-ब्रेन बॅरियर, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत. गोष्ट जुनी आहे, आणि शेवटाकडे जरा जड होते. आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात रंगापासून. १८८५ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख नावाचा तरुण डॉक्टर प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून बघत होता. यकृत, मूत्रपिंड, स्नायू, सगळं रंगायचं. मेंदू मात्र कोराच. एर्लिखने निष्कर्ष काढला की मेंदूला तो रंग धरतच नसेल. पटण्यासारखं आहे ना? पण खरं नव्हतं. एर्लिखचाच शिष्य एडविन गोल्डमन याने १९१३ मध्ये तोच प्रयोग उलटा केला. ट्रायपॅन ब्लू हा रंग रक्तात न टोचता थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू निळा, आणि बाकी शरीर कोरं! म्हणजे मेंदूला रंग धरत होता, फक्त तो रक्तातून तिथवर पोचत नव्हता. मला हा इतिहासातला एक सुंदर डीबगिंग सेशन वाटतो: इनपुट तेच, फक्त एंट्री पॉइंट बदलला.

या भिंतीला नाव देऊन तिचा रीतसर अभ्यास उभा करणाऱ्यांत लिना श्टर्न येतात. जिनिव्हा विद्यापीठातल्या पहिल्या महिला प्राध्यापक. १९२५ मध्ये त्या सोव्हिएत रशियात गेल्या आणि १९३९ मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला पूर्ण सदस्य झाल्या. क्षयाचा मेंदूज्वर झालेल्या मुलांना त्यांनी स्ट्रेप्टोमायसिन थेट मेंदूभोवतीच्या द्रवात द्यायला लावलं, कारण रक्तातून दिलेलं औषध भिंतीपाशी अडतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे गोल्डमनचीच युक्ती, पण इथे मुलांचे जीव वाचवायला. आणि १९४९ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी या बाईंना अटक केली. गुन्हा काय, तर ज्यू फॅसिस्टविरोधी समितीत होत्या. १९५२ च्या खटल्यात १५ आरोपी होते; १३ जणांना गोळ्या घातल्या. श्टर्न वाचल्या, त्यांना कझाकस्तानात हद्दपार केलं. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. यांच्यावर एक अख्खा एपिसोड करायला हवा.

बरं, ही भिंत नक्की आहे कुठे? १९६७ मध्ये रीस आणि कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली उंदराचा मेंदू बघितला. केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या की मधून मोठा रेणू जाऊच शकत नाही.

मग रोगप्रतिकारक पेशी आत जातात कशा? १९४८ मध्येच पीटर मेडावर यांनी एक इशारा दिला होता. सशाच्या मेंदूत परक्या सशाची कातडी रुजवली, तर ती टिकायची. पण त्याच सशाच्या अंगावर आधी तशी कातडी लावून प्रतिकारशक्तीला जागं केलं असेल, तर मेंदूतली कातडीसुद्धा नष्ट व्हायची. म्हणजे दार बंद नव्हतं. बाहेरून बोलावणं आलं की ते उघडत होतं. पुढे बरीच वर्षं लोकांनी पहिला अर्धाच भाग लक्षात ठेवला, याचं मला आश्चर्य वाटतं.

हे बोलावणं चालतं असं. सूज आली की पेशी सायटोकाइन नावाची निरोप्या रसायनं सोडतात. ती मिळाली की रक्तवाहिनीची आतली भिंत व्हीकॅम-१ नावाचं प्रथिन बाहेर काढते. रक्तातून चाललेल्या टी-पेशीच्या अंगावर त्यात बरोबर बसणारा हूक असतो, अल्फा-४ इंटेग्रिन. हूक अडकला की पेशी थांबते आणि भिंतीतून आत शिरते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्ये, अशा शिरलेल्या पेशी मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खरवडतात. कुणाची नजर जाते, कुणाचे पाय. आणि हे बहुतेक वेळा विशी-तिशीत सुरू होतं, म्हणजे आपल्याच वयात.

१९९२ मध्ये येडनॉक, स्टाइनमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा हूक अँटीबॉडीने झाकला, तर एमएससारखा आजार उंदीर-घुशींच्या जातीत थांबतो. त्यातून नॅटालिझुमॅब आलं, बाजारातलं नाव टायसाब्री. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. आजाराचे झटके साधारण दोन-तृतीयांशाने कमी होत होते. लोक खूश होते.

तीन महिन्यांत, २८ फेब्रुवारी २००५ ला, औषध मागे घेतलं. चाचण्यांतल्या रुग्णांमध्ये पीएमएल नावाचा मेंदूचा भयानक संसर्ग सापडला. नंतरच्या तपासणीत एकूण तीन जण निघाले, त्यातले दोन गेले. कारण जेसी व्हायरस. हा निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात गपगुमान पडून असतो, आणि मेंदूत गस्त घालणाऱ्या पेशी त्याला डोकं वर काढू देत नाहीत. आपण दार बंद केलं तेव्हा चोरांबरोबर गस्तवालेही बाहेरच राहिले.

मार्च २००६ मध्ये अमेरिकेत सल्लागार समितीपुढे सुनावणी झाली. एमएसचे रुग्ण स्वतः येऊन बोलले: धोका माहीत आहे, तरी औषध परत द्या. बाहेरून बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. मला नाही वाटत. पुढच्या झटक्यात पाय जाणार की डोळे, या प्रश्नासोबत जगणाऱ्या माणसाचं गणित वेगळं असतं. फक्त ते गणित करायला त्याच्या हातात खरे आकडे हवेत.

जूनमध्ये औषध परत आलं, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवण्याच्या अटीवर. २०१२ मध्ये जेसी व्हायरसच्या अँटीबॉडीची रक्तचाचणी तिथे मंजूर झाली. निगेटिव्ह आली तर पीएमएलचा धोका फार कमी. पॉझिटिव्ह असेल आणि औषधाला दोन वर्षं होऊन गेली असतील, तर डॉक्टर पुन्हा पुन्हा एमआरआय काढत राहतात, आणि औषध चालू ठेवायचं की बदलायचं हे रुग्णासोबत बसून ठरवतात.