वेल्सच्या आधीचा गंगाराम

१७९०च्या तहाचा पेशवे दरबार थॉमस डॅनियलने १८०५ साली तैलरंगात चितारला. सवाई माधवरावांसमोर इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट, भोवती पागोट्यांची दाटी. इतिहासाच्या पुस्तकांतून हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. पण डॅनियल त्या दरबारात नव्हता. ज्याच्या रेखाटनांवर त्याने भिस्त ठेवली, तो स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सही नव्हता. वेल्स मुंबईला उतरला तोच मुळी १७९१ साली.

त्याच १७९०च्या नोव्हेंबरात पुण्यातल्याच एका माणसाने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा कागदावर उतरवला. तो माणूस गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. मॅलेटसाठी त्याने तालमीतले पैलवान काढले, वेरूळची लेणी काढली. ‘वेल्सचा शिष्य’ अशी त्याची ओळख करून दिली जाते. शनिवारवाड्यातल्या चित्रशाळेची हकीकतही त्याला जोडूनच येते. वेल्सकडून तो काही शिकला असेल, नाही कशाला म्हणा. पण गेंड्यावरची तारीख वेल्सच्या आगमनाआधीची आहे. गुरू यायच्या आधी शिष्य कामाला लागलेला होता, एवढे तरी मान्य करायला हवे. आडनाव धंद्याचे आहे. तांब्याच्या पत्र्यावर ठोके देऊन नक्षी उठवणाऱ्या घरात रेषेचे अप्रूप कशाला असेल? नाशकात भांडीबाजाराच्या आसपास वाढलेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

गंगाराम साहेबाच्या मागणीवरून काढत होता, हेही लपवू नये. त्याला राष्ट्रीय वीर करण्यात मला रस नाही. पण वेल्सचा मदतनीस रॉबर्ट मेबन याने १७९७ साली कलकत्त्यात चित्रांचे पुस्तक छापले, ते ‘पौर्वात्य चालीरीती’ दाखवणारे म्हणून. त्या नावात ना गाव आहे, ना साल. गंगारामचा गेंडा मात्र पुण्याचा, पेशव्यांचा आणि नोव्हेंबरातला.

पुढे १८०३ साली वेरूळची चोवीस दृश्ये लंडनला प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर नावे दोन, वेल्स आणि डॅनियल.

गंगारामची चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत. ब्रिटिश कलेच्या! २०११ साली तिथल्या एका प्रदर्शनातून ती अभ्यासकांसमोर आली. आम्ही अंबडला बसून संगणकाच्या पडद्यावर पाहतो.

पैलवानांच्या चित्राची मोठी छपाई करून मी जुन्या नाशकातल्या एका वस्तादांकडे नेली होती. चष्मा पुसून त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

“कुणाची तालीम ही?”

“पुण्यातली, वस्ताद. पेशव्यांच्या वेळची.”

“ते दिसतंच आहे. वस्तादाचं नाव काय, ते सांगा.”