अल्पशक्ती बिनतारी जाळ्यांतील भूमिकाविभाग

यंत्रांना दिलेल्या नावांत पुष्कळदा त्यांच्या व्यवस्थेचा इतिहास साठविलेला असतो. घरातील दिवे, तापमापक, दार उघडल्याची वर्दी देणारे उपकरण ही एकमेकांचे संदेश बिनतारी मार्गाने पुढे पोचवू लागली, म्हणजे 'मेश' अर्थात् जाळीदार रचना सिद्ध होते. अशा रचनेत कोणी कोणते काम करावयाचे, या प्रश्नाची उत्तरे काळानुसार पालटत गेली आहेत.

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या 'अलोहा' जाळ्यात भूमिका दोनच होत्या : मध्यवर्ती केंद्र आणि दूरची टर्मिनले. सर्व व्यवहार केंद्रामार्फत होई. त्याच दशकात अमेरिकेच्या संरक्षण-संशोधन विभागाने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात जे प्रायोगिक जाळे उभारले, त्यात 'रिपीटर' ही तिसरी भूमिका आली. आपल्याकरिता नसलेला संदेशही घेऊन पुढे धाडणे हे तिचे कार्य. मेश रचनेचे बीज येथे दिसते.

तथापि विजेच्या काटकसरीचा प्रश्न ऐरणीवर आला तो पुढे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आय ट्रिपल ई संस्थेच्या ८०२.१५.४ या प्रमाणाने यंत्रांचे पूर्णकार्यक्षम व मर्यादितकार्यक्षम असे दोन वर्ग केले. यामागील कारण साधे आहे. रेडिओला संदेश पाठविण्यास जितकी वीज लागते, जवळजवळ तितकीच नुसते ऐकत राहण्यासही लागते. म्हणून बॅटरीवरील यंत्राने बहुतेक काळ निद्रिस्त राहिले पाहिजे. आणि जो निद्रिस्त आहे त्याला इतरांचे संदेश वाहता येत नाहीत. ते काम घरच्या विजेवर चालणाऱ्या, सदैव जागृत अशा 'राउटरां'कडे आले. निद्रिस्त यंत्रासाठी आलेला संदेश त्याचा राउटर जपून ठेवतो. यंत्र जागे होऊन विचारते, तेव्हा तो त्याला मिळतो. या संबंधास 'पालक' व 'अपत्य' ही नातेवाचक नावे पडली, ती सार्थच होत.

२००४ च्या डिसेंबरात संमत झालेल्या 'झिग्बी' प्रमाणात राउटर व अंत्य यंत्र यांच्यावर 'कोऑर्डिनेटर' म्हणजे समन्वयक होता. जाळ्याची स्थापना तो करी, लहरींचा पट्टा तो निवडी, शून्य हा पत्ता त्याचा असे. सामान्यतः सुरक्षेच्या किल्ल्याही त्याच्याकडेच असत. तो बंद पडला तर जुन्या सभासदांचे दळणवळण चालू राही, परंतु नव्या यंत्रास प्रवेश देणारा कोणी उरत नसे. समन्वयक हे एका विशिष्ट यंत्राचे नाव होते; ते पद नव्हते.

२०१५ साली आलेल्या 'थ्रेड' प्रमाणाने नेमका हा भेद ओळखला. त्यातील 'लीडर' हा राउटरांपैकीच एक असतो. तो नाहीसा झाल्यास दुसरा राउटर त्याची जागा घेतो. जाळे दुभंगले तर प्रत्येक भागास स्वतंत्र लीडर मिळतो, आणि भाग पुन्हा जुळले की एकच उरतो. एका वेळी राउटर ३२ पर्यंतच असू शकतात. 'राउटर होण्यास पात्र' यंत्रे गरज पडल्यास त्या पदावर चढतात आणि संख्या फार वाढल्यास पुन्हा उतरतात. येथे संज्ञा यंत्रवाचक न राहता पदवाचक झाली.

परंतु या स्थित्यंतरास एक मर्यादा आहे. बॅटरीवर निजणाऱ्या यंत्रास या दोन्ही व्यवस्थांत मार्गवाहक होणे परवडत नाही. घरधन्याने सवयीने भिंतीवरील बटण दाबून दिवा बंद केला, की त्या दिव्याबरोबर एक पालकही जाळ्यातून जातो. जवळ दुसरा पालक नसेल, तर दारावरील उपकरण मुके होते आणि दार उघडल्याची वर्दी कोणासही पोचत नाही. नेतृत्व बदलता येते. जागरणाचे ओझे मात्र ज्याला अखंड वीज मिळते, त्यालाच वाहावे लागते.