तूप, तेल आणि रेल्वेचे आकडे

ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर करडईच्या तेलाची धार, ह्या ताटाची भीती आम्हां जुळे सोलापूरकरांस वाटत नाही. भीती वाटते ती तुपाची. तूप आरोपीच्या पिंजऱ्यात कसे गेले, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१९१३ साली रशियात आनिच्कोव्ह ह्यांनी सशांस कोलेस्टेरॉल चारले आणि त्यांच्या रोहिण्यांत चरबीचे थर दाखविले. १९५३ साली अमेरिकेचे कीज ह्यांनी सहा देशांचे आकडे मांडले : आहारात स्निग्धांश अधिक, तेथे हृदयविकाराने मृत्यू अधिक.

ह्या मताला धक्का बसला तो आपल्या देशातून. मुंबईस पश्चिम रेल्वेत वैद्यकीय अधिकारी असलेले डॉ. मल्होत्रा ह्यांनी १९५८ ते १९६२ ह्या काळातील रेल्वे कर्मचाऱ्यांचे मृत्यू तपासले व १९६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दक्षिणेत लाखामागे १३५ मृत्यू, पंजाबात अवघे २०! आणि पंजाबी माणूस तर दूधतुपाचा भोक्ता. दक्षिणेत स्निग्धांश थोडा, तोही बहुधा तेलाचा.

मग कीज खोटे ठरले काय? तसे म्हणता येत नाही. दोन प्रांतांत केवळ तुपाचाच भेद नसतो; अन्न, राहणी, सवयी, सारेच निराळे. परंतु हाच आक्षेप कीज ह्यांच्या सहा देशांसही लागू पडतो, हे विसरून चालणार नाही. आकड्यांच्या अशा तुलनेने शंका उत्पन्न होते, निवाडा होत नाही.

निवाड्याची वाट जपानात निघाली. १९७३ साली अकिरा एंडो ह्यांना बुरशीत कोलेस्टेरॉल उतरविणारे द्रव्य सापडले. त्यातूनच पुढे स्टॅटिन औषधे आली. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांचे, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गट केल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पाच वर्षांहून अधिक काळात नकली गोळीच्या गटात २५६ मृत्यू झाले, खऱ्या गोळीच्या गटात १८२. येथे प्रांत, जात, राहणी ह्यांचा प्रश्नच उरला नाही.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. ज्याला एकदा झटका येऊन गेला, त्याला गोळीचा लाभ सिद्ध आहे. निरोगी माणसास तो किती, ह्याचा वाद अजून चालतो. कारण ज्याचा धोकाच थोडा, त्याचा लाभही थोडा. ह्या दुसऱ्या वादाच्या भरवशावर पहिल्या रुग्णाने गोळी परस्पर बंद केली, तर त्याची किंमत वादकऱ्यांस नव्हे, त्याच्या घरच्यांस मोजावी लागेल.