डॉक्टरचा कागद आणि आपला न्याय

मानकोलीत महामार्गालगत गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. तिथे पॅकिंगला, माल चढवा-उतरवायला बाया राबतात. त्यात आपल्या वस्तीतल्याही आहेत. पाळी सुटल्यावर घरी परतणाऱ्या एखादीवर अत्याचार झाला तर तिने कुठे जावं? आपलं उत्तर ठरलेलं असतं : पोलीस ठाण्यात. पण तिच्या जखमा, गर्भ राहण्याची भीती आणि अंगावरचा पुरावा या तिन्ही गोष्टी डॉक्टरच्या हातात असतात. आपण ठाण्यावर मोर्चा नेतो, कलेक्टरला निवेदन देतो. दवाखान्यात काय लिहिलं गेलं हे मात्र कोणी विचारत नाही. ही चूक आपल्याला किती महाग पडली, ते इतिहासात बघा.

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी ठाण्यातच अत्याचार केला. वैद्यकीय अहवालात आलं की अंगावर जखमा नाहीत, योनिपटल आधीच फाटलेलं आहे, दोन बोटं सहज जातात. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असलेली ठरवून पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही, असं धरून पुन्हा सोडलं. पोलिसांच्या धाकात गोठून गेलेली मुलगी प्रतिकार कसा करणार, हा प्रश्न विचारायला १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांना सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहावं लागलं. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. डॉक्टरांची दोन बोटं मात्र तशीच राहिली.

२९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पहिल्या शवविच्छेदनात लैंगिक अत्याचाराची तपासणी नीट झाली नाही, असा आक्षेप सत्यशोधन करणाऱ्यांनी घेतला. मृतदेह पुन्हा उकरून तपासले गेले, पण तोवर पुरावा उरतो का? न्यायालयात खून सिद्ध झाले. लैंगिक अत्याचार सिद्ध झाला नाही आणि ॲट्रॉसिटीचं कलमही टिकलं नाही.

कोणी म्हणेल, हे डॉक्टरांचं अज्ञान आहे, त्यात जात कशाला आणता? मित्रांनो, हे अज्ञान निरागस नाही. 'सवयीची' हा शिक्का कोणत्या बाईवर पटकन बसतो? जिच्या जातीतल्या बायांना या समाजाने पिढ्यान् पिढ्या उपलब्ध समजलं, तिच्यावर. मनुस्मृतीने जे शिकवलं, तेच न्यायवैद्यक शास्त्राच्या भाषेत लिहिलं गेलं. आणि त्याची किंमत पैशातही मोजता येते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या २०१६ च्या नियमांनुसार बलात्कारपीडितेला पाच लाखांचं साहाय्य आहे, आणि त्यातला निम्मा हप्ता वैद्यकीय तपासणी व तिला दुजोरा देणाऱ्या अहवालानंतर मिळतो. म्हणजे डॉक्टरच्या एका ओळीवर तिचं पुनर्वसन अडतं.

हे बदलता येतं, आणि वाटही महाराष्ट्रातच निघाली. सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये या तपासण्यांची दैना अहवालातून मांडली, आणि प्रश्न नागपूर खंडपीठापुढे गेला. सेहत संस्थेने मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत, पुढे औरंगाबाद व मिरजच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत डॉक्टर-परिचारिकांना शिकवलं : आधी ऐकून घ्या, दोष देऊ नका, तिला काय हवंय ते विचारा, घरी परतणं सुरक्षित आहे का ते बघा, पुढची मदत जोडून द्या. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये मार्गदर्शिका काढली. त्यात दोन बोटांची चाचणी बाद झाली आणि जखम नसणं म्हणजे संमती नव्हे हे स्पष्ट लिहिलं गेलं. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं बजावलं आणि डॉक्टरांसाठी कार्यशाळा घ्यायला सांगितलं. तरीही २०२४ मध्ये वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात कौमार्याचे धडे परत घुसले. ओरड झाली तेव्हा आयोगाने तो अभ्यासक्रम मागे घेतला. मनू दाराबाहेर उभाच असतो.

म्हणून कार्यकर्त्यांनो, पीडितेसोबत जाताना हे पाठ ठेवा. उपचारासाठी एफआयआरची अट नाही. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाला मोफत प्रथमोपचार द्यावेच लागतात. नकार दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. लेडी डॉक्टर नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तपासणीचा कोणताही भाग ती नाकारू शकते, आणि नाकारला म्हणून उपचार थांबत नाहीत. एचआयव्ही रोखणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. अहवालाची प्रत तिला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

आणि एक मागणी लावून धरा : आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात हे प्रशिक्षण झालंच पाहिजे, आणि त्यात जात हा विषय असलाच पाहिजे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा कष्टकरी बाईच्या शरीराची जबाबदारी सरकारचीही आहे, हीच भूमिका त्यांनी घेतली होती. तोच हिशेब आज दवाखान्याच्या दारात मागायचा आहे.

जय भीम! जय संविधान!