सोमवारी अजिंठा बंद: एका रॅकचा इतिहास

आपल्या शहरात घरी पाहुणे आले की रात्री जेवताना ठरलेला प्रश्न निघतो: उद्या अजिंठा की वेरूळ? उत्तर वारावर अवलंबून असतं. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. गारखेड्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला कोण सांगणार? अजिंठा शहरापासून शंभरेक किलोमीटर. एवढं जाऊन बंद दार बघायचं म्हणजे सुट्टीचा अख्खा दिवस पाण्यात.

यासाठीच तर पर्यटन माहिती केंद्र नावाची गोष्ट असते. तिथे एक टेबल, टेबलामागे एक साहेब आणि भिंतीला एक रॅक. रॅकमध्ये घडी घातलेली रंगीत माहितीपत्रकं (आपण सगळे त्यांना ब्रोशरच म्हणतो, मीही तेच म्हणणार). आज लिहायचंय ते या रॅकबद्दल. त्यात कुठला कागद ठेवायचा आणि कुठला नाही, हे कोण ठरवतं? कधीपासून? विषय किरकोळ वाटेल, पण जरा खणलं की खालून निझाम, रेल्वे, पुरातत्त्व खातं, जपानी कर्ज आणि एक अमेरिकन कोर्ट एवढी मंडळी बाहेर येतात :-)

एक मालक, एक आवाज

सुरुवात नेहमीच्या ठिकाणापासून. २८ एप्रिल १८१९ ला मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी अजिंठ्याला पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून गेला. विनापरवाना लावलेली आपल्याकडची पहिली जाहिरातच म्हणा ना.

पुढची ऐंशी वर्षं इथे यायचं म्हणजे जिकिरीचं काम होतं. रेल्वे आल्यावर वेरूळला येणारा साहेब नांदगाव स्टेशनवर उतरायचा आणि तिथून टांग्यानं हाडं खिळखिळी करत यायचा. त्याच्या हातात मरे कंपनीचं, लंडनला छापलेलं जाडजूड हँडबुक असायचं. म्हणजे माहिती पाहुण्याच्या सामानातून यायची, यजमानाच्या टेबलावरून नाही.

१९०० च्या सुमाराला मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज लाइन झाली आणि औरंगाबादला स्टेशन आलं. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानानं स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक. १९२० मध्ये इटलीहून तज्ज्ञ बोलावून अजिंठ्याच्या चित्रांची डागडुजी सुरू झाली. याच खात्यानं अजिंठ्याच्या चित्रांची मार्गदर्शिकाही छापली. १९३० मध्ये निझाम सरकारनं रेल्वे कंपनीही विकत घेतली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लेणी ज्याची, रेल्वे त्याचीच, आणि मार्गदर्शिका लिहिणारं खातंही त्याचंच. राज्यकारभार कसा होता हा वेगळा (आणि मोठा) विषय आहे. पण पाहुण्याच्या नजरेतून पाहिलं तर बोलणारा एकच होता. काही चुकलं तर कुणाला विचारायचं हा प्रश्नच नव्हता.

एकाचे तीन झाले

तिकडे दिल्लीत १९४५ मध्ये, म्हणजे महायुद्ध संपता संपता, भारत सरकारचे शिक्षण सल्लागार सर जॉन सार्जंट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. देशात पर्यटन वाढवायचं तर काय करावं लागेल, एवढाच प्रश्न. पर्यटनासाठी वेगळी यंत्रणा आणि प्रसिद्धीचं साहित्य हवं, असं समितीनं सांगितलं. १९४९ मध्ये वाहतूक मंत्रालयात पर्यटनाची वेगळी शाखा उघडली, १९५८ मध्ये तिचं खातं झालं. १९६६ मध्ये आयटीडीसी आली. पर्यटन प्रसिद्धीचं साहित्य तयार करणं आणि वाटणं हे तिच्या कामांपैकीच एक होतं.

दरम्यान १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे गेली. त्यांनी १९५६ मध्ये देबला मित्रा यांची अजिंठ्यावरची मार्गदर्शिका काढली. पुस्तक छोटं, पण काम चोख. १९७५ मध्ये एमटीडीसी स्थापन झाली, तिच्याकडे निवास आणि सहली आल्या.

आता हिशोब मांडू. लेणी कधी उघडायची हे ठरवणार पुरातत्त्व खातं. देशाची जाहिरात करणारी रंगीत ब्रोशर छापणार केंद्राचं पर्यटन खातं. राहायची आणि फिरायची सोय सांगणार राज्याचं महामंडळ. एकाच प्रॉडक्टचं डॉक्युमेंटेशन तीन टीम लिहिणार आणि रिलीजची जबाबदारी कुणाचीच नाही. आयटीतल्या वाचकांना पुढचं सांगायला नको. फोटो सुंदर, छपाई सुंदर, पण वेळ, वार आणि तिकिटाचा दर या तीन ओळी जुन्या राहण्याची सगळी सोय या रचनेतच आहे.

'करू नये' चा नियम

मग नियम काहीच नाहीत का? आहेत की. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा, त्याखालचे नियम १९५९ चे. त्यातला आठवा नियम वाचण्यासारखा आहे. संरक्षित स्मारकाच्या आत अन्न शिजवू नये, बंदूक उडवू नये, भीक मागू नये. आणि त्याच यादीत: पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या परवान्याशिवाय माल विकू नये, त्यासाठी गिऱ्हाइकं गोळा करू नयेत, कुठल्याही स्वरूपाची जाहिरात लावू नये, पैसे घेऊन कुणाला स्मारक दाखवू नये.

नियम योग्यच आहे. तो नसता तर कैलास लेण्याच्या हत्तीवर एखाद्या गुटख्याचा फलक दिसला असता. पण या नियमातली सगळी क्रियापदं 'करू नये' ची आहेत. पाहुण्याला काय सांगितलंच पाहिजे, हे त्यात नाही.

आणि रॅकमधली जागा रिकामी राहिली की माहितीची भूक संपत नाही, ती दुसरीकडे जाते. रिक्षावाला सांगतो, हॉटेलचा काउंटर सांगतो, सिग्नलवरचा पोरगा सांगतो. त्यातले बरेच जण प्रामाणिक असतात, पण काहींच्या सांगण्यात कमिशन दडलेलं असतं. हातमागावर हिमरू विणणाऱ्याकडे जायचं की हिमरूच्या नावाखाली यंत्रमागाचा माल विकणाऱ्या दुकानात, हे अशा वेळी गाडीवाला ठरवतो. विणकराकडे कमिशन द्यायला पैसे नसतात, आणि त्याच्या साध्या कागदाला ठेवायला सरकारी रॅक नसतो. पाहुणा फसतो तो वेगळाच.

रॅक म्हणजे चौकातला फळा की सरकारचं तोंड?

अमेरिकेत हाच प्रश्न कोर्टापर्यंत गेला. तिथे हायवेवर राज्यांची स्वागत केंद्रं असतात. १९६५ च्या हायवे सुशोभीकरण कायद्यानं रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांवर बंधनं आणली, पण विश्रांतीच्या जागी नकाशे आणि जाहिरातीची पत्रकं ठेवायला राज्यांना मुभा दिली. म्हणजे रस्त्यावर ओरडायचं नाही, पण आत येऊन हळू आवाजात सांगितलंत तर चालेल :-)

मुभा आली म्हणजे गर्दी आली, आणि गर्दी आली म्हणजे नियमावली आली. साधारण नियम असे असतात: कागद चार इंच रुंद, नऊ इंच उंच. ठिकाणाचं नाव वरच्या तिसऱ्या भागात, कारण खालचा भाग पुढच्या कप्प्यामागे लपतो. मजकूर प्रवाशाच्या कामाचा हवा. जुना साठा काढून टाकायचा. कंटाळवाणं वाटतं, पण ज्यानं हे लिहिलं तो रॅकसमोर उभा राहून विचार करत होता हे नक्की.

व्हर्जिनिया राज्यात मात्र गाडं अडलं. राज्यानं या केंद्रांमधल्या जाहिरातीचं काम ठेकेदारामार्फत चालवायचं ठरवलं. मोफत पर्यटन मार्गदर्शिका छापणारी व्हिस्टा-ग्राफिक्स ही कंपनी कोर्टात गेली. तिचं म्हणणं, सार्वजनिक जागेतला रॅक म्हणजे सगळ्यांसाठी खुला फळा, आमच्या अभिव्यक्तीवर अशी बंधनं घालता येणार नाहीत. २०१७ मध्ये अपील कोर्टानं निकाल दिला: नाही. सरकारी केंद्रातला रॅक म्हणजे सरकारचं स्वतःचं बोलणं. कुठला कागद ठेवायचा हे सरकार ठरवू शकतं.

मला हा निकाल अर्धाच पटतो. रॅक सरकारचं तोंड आहे हे मान्य. पण मग त्या तोंडातून जे येईल, आणि जे येणार नाही, त्याची जबाबदारीही सरकारचीच. तोंड माझं पण बोललो काय नि गप्प बसलो काय, माझी मर्जी, असं चालत नाही.

जपानी कर्ज आणि बंद दार

आपल्याकडे हे तोंड भव्य करण्याचा प्रयत्न झाला, तो अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पातून. १९९२ मध्ये जपानच्या कर्जावर पहिला टप्पा, २००३ मध्ये दुसरा. रस्ते, विमानतळ, पाणी, झाडं असं बरंच काही त्यात होतं. २०१३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ दोन्हीकडे मोठी अभ्यागत केंद्रं उघडली. अजिंठ्याला निवडक लेण्यांच्या प्रतिकृती, वेरूळला कैलासची प्रतिकृती, प्रेक्षागृह, दालनं. हेतू चांगला होता: पाहुण्यानं आधी इथे समजून घ्यावं, मग मूळ लेण्यात जावं, म्हणजे नाजूक चित्रांपुढची गर्दी कमी होईल.

काही वर्षांतच पाणी आणि विजेची बिलं थकली आणि दारं बंद झाली. इमारतीला कर्ज मिळालं, रोजच्या खर्चाची तजवीज झाली नाही. कोट्यवधींची वास्तू बिलांपायी बंद पडते, तेव्हा 'आज कोणती लेणी बंद' एवढं सांगणारा एक रुपयाचा कागद किती स्वस्त होता हे कळतं.

'करावे' चा नियम

गंमत म्हणजे 'करू नये' च्या जोडीला 'करावे' सांगणारा कायदा आपल्याकडे आहे, फक्त आपण तो पर्यटनाशी जोडत नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५. आपल्याला त्यातला अर्ज करण्याचा भाग माहीत असतो. पण कलम ४ म्हणतं की सरकारी कार्यालयानं कुणी मागायची वाट न बघता माहिती आपणहून द्यावी. आणि ती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात कुठली पद्धत सगळ्यात परिणामकारक ठरेल याचा विचार करावा. सूचना फलकही त्या पद्धतींमध्ये धरलेला आहे. माझ्या मते पर्यटन केंद्रातला रॅक हा या कलमाचाच लाकडी अवतार आहे.

सध्या याची निकड जास्तच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनचंही बदललं. नावाबद्दल तुमचं मत काहीही असो, पण त्याआधी छापलेला प्रत्येक कागद, प्रत्येक नकाशा त्या दिवशी जुना झाला. जुनं गाइडबुक घेऊन येणारा परदेशी पाहुणा अजून औरंगाबादच शोधतो. दोन्ही नावं शेजारी शेजारी छापलेला कागद त्याच्या हातात पडला तर तो योग्य स्टेशनवर उतरेल. एवढं साधं आहे.

यावर कुणी म्हणेल, आता मोबाइल आहे, ब्रोशर कशाला? मान्य, भिंतीवर क्यूआर कोड लावा. पण कोड उघडल्यावर दिसणारं पानही कुणीतरी लिहायचंच असतं आणि बदल झाला की बदलायचंच असतं. कागद गेला तरी प्रश्न तोच राहतो.

तर माझ्या मते चार ओळींचा नियम पुरेल. एक, बंद असण्याचे वार, वेळ आणि तिकीट सगळ्यात वर, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. दोन, प्रत्येक कागदावर छापल्याची तारीख आणि तो कुणी छापला त्या कार्यालयाचं नाव. तीन, मुदत संपलेला कागद रॅकमधून काढण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाची. चार, एक कप्पा स्थानिक कारागिरांसाठी आणि परवानाधारक गाइडसाठी राखीव, फी नाही, निकष जाहीर. यासाठी परदेशातून कर्ज काढावं लागत नाही.

असो. बराच लांबला लेख. तुमच्या गावच्या पर्यटन केंद्रात जाणं झालं तर रॅकमधला एक कागद उचला आणि त्यावर तारीख आहे का बघा. काय सापडलं ते कळवा.