ॲटिकसचा पहिला खर्डा

‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ पुन्हा वाचायला घेणाऱ्याने आधी ‘गो सेट अ वॉचमन’ वाचून घ्यावं, असं माझं मत आहे. ते छापून आलं २०१५ मध्ये, पण लिहून झालं होतं १९५७ मध्येच. म्हणजे ‘मॉकिंगबर्ड’च्याही आधी.

दोन्ही कादंबऱ्यांची लेखिका हार्पर ली अलाबामातल्या मन्रोव्हिल या छोट्या गावची. न्यूयॉर्कमध्ये ती विमान कंपनीत आरक्षणाचं काम करायची आणि उरलेल्या वेळात लिहायची. १९५६ च्या नाताळात मायकेल आणि जॉय ब्राउन या मित्र-दांपत्याने तिला वर्षभराचा खर्च भेट दिला : नोकरी सोड आणि लिही. लवकरच ‘वॉचमन’चं हस्तलिखित लिपिनकॉट प्रकाशनाकडे पोचलं.

त्यातली जीन लुईस सव्वीस वर्षांची आहे. ती गावी येते आणि वडील, वकील ॲटिकस फिंच, गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिलच्या बैठकीत बसलेले तिला दिसतात. शाळांमधली वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निकाल त्यांना पसंत नाही. वर्णविभागणीविरुद्धचा माँटगोमरीतला बस-बहिष्कार तेव्हा नुकताच संपला होता. ली अगदी ताज्या गोष्टीबद्दल लिहीत होती, आणि घरातल्याच माणसाशी भांडत होती.

संपादिका टे होहॉफ यांना त्यात सलग कादंबरी दिसली नाही, सुटे प्रसंग दिसले. जिवंत होत्या त्या बालपणाच्या आठवणी. अडीचेक वर्षं पुनर्लेखन चाललं आणि कथा वीस वर्षं मागे, मंदीच्या काळात गेली. निवेदन छोट्या स्काउटच्या, म्हणजे लहानपणीच्या जीन लुईसच्या, नजरेतून होऊ लागलं. बाप तोच, पण मुलीची उंची कमी झाली आणि तो आभाळाएवढा दिसू लागला.

सगळ्यात बोलका बदल खटल्याचा आहे. बलात्काराचा आरोप असलेल्या कृष्णवर्णीय तरुणाचा खटला ‘वॉचमन’मध्ये ओझरता येतो, आणि तिथे ॲटिकस तो जिंकतो. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये तोच कादंबरीचा कणा झाला आणि ॲटिकस हरला. हरवलं म्हणूनच तो अजरामर झाला, असं मला वाटतं. खटला जिंकला असता तर कादंबरीतल्या मेकोम्ब गावची ज्यूरीही सुटली असती, आणि वाचकही.

या पराभवाची मुळं मन्रोव्हिलच्या कोर्टात सापडतात. लीचे वडील ए. सी. ली यांनी १९१९ मध्ये खुनाचा आरोप असलेल्या दोन कृष्णवर्णीयांचं वकीलपत्र घेतलं होतं. दोघेही फासावर गेले. १९३३ मध्ये वॉल्टर लेट या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या बाईने बलात्काराचा आरोप केला. फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेवर आली आणि १९३७ मध्ये क्षयाने तो गेला. हार्पर तेव्हा शाळकरी होती आणि गावातलं ‘मन्रो जर्नल’ हे वृत्तपत्र वडीलच चालवत होते. स्कॉट्सबरोच्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवरचा, देशभर गाजलेला बलात्काराचा खटलाही अलाबामातलाच, १९३१ चा.

११ जुलै १९६० ला पुस्तक आलं, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं आणि १९६२ च्या चित्रपटाने ॲटिकसला ग्रेगरी पेकचा चेहरा दिला. त्यानंतर तो चेहरा पुसणं कुणालाच जमलं नाही. २०१५ मध्ये वाचक दुखावले ते त्यामुळेच. जणू ली यांनी म्हातारपणी ॲटिकसला बिघडवलं! खरं तर बिघडलेलाच आधी लिहिला होता.

या फेरलेखनात कमावलं फार, गमावलंही. दोन्ही पुस्तकांत कॅल्पर्निया आहे, फिंचांच्या घरची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये ती मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते, धाक दाखवते, माया करते. ‘वॉचमन’मध्ये जीन लुईस तिला भेटायला जाते, तेव्हा जिने तिला वाढवलं तीच तिच्याशी परक्या गोऱ्या बाईशी बोलावं तसं बोलते. तुला आमचा तिरस्कार वाटायचा का, असं जीन लुईसला विचारावं लागतं. कॅल्पर्निया नकारार्थी मान हलवते, तरी मधलं अंतर मिटत नाही. एरवी विस्कळीत असलेल्या ‘वॉचमन’मधला हा प्रसंग मला ‘मॉकिंगबर्ड’च्या कोर्टापेक्षा कमी मोलाचा वाटत नाही. पण कथा बालपणात नेल्यावर त्याला जागाच उरली नाही. हा प्रश्न सहा-आठ वर्षांच्या स्काउटला पडणार कसा?