मायटर सांधा (लहान पेट्यांचा)

फळ्यांची टोके ४५ अंशांत कापून भिडवल्यावर होणाऱ्या काटकोनी कोपऱ्यास मायटर सांधा म्हणतात. लाकडाची सच्छिद्र टोके सरस शोषून घेत असल्याने आधी एक पातळ हात देऊन मग दुसरा द्यावा. सरळ शिकंजा आवळल्यास तिरपे काप एकमेकांवरून घसरतात; म्हणून चारही बाजू दर्शनी अंग वर करून ओळीने मांडाव्यात, सांध्यांवर चिकटपट्टी ताणून लावावी, सगळी ओळ उलटवून कापांत सरस भरावा आणि बाजू दुमडत पेटी मिटवावी, ही रीत साधी असूनही सर्वांत भरवशाची होय. दोन्ही कर्ण समान भरेपर्यंत पेटी हलक्या हाताने सरळ करावी. वार्षिक सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असणाऱ्या सिंगापूरमध्ये सरस सावकाश सुकतो, शिवाय दमट हवेत जोडलेली पेटी वातानुकूलित खोलीत ठेवल्यास लाकूड जाडीत आकसून सांधा आतल्या बाजूने उघडू शकतो.